फोटोबाहेरची बोटं

कबड्डीत चेंडू नसतो, बॅट नसते, ग्लोव्हज नसतात. खेळाडू रिकाम्या हाताने मैदानात येतो आणि मातीने माखून घरी जातो. मग आठवण म्हणून त्याची सही घ्यायची तरी कशावर? हा प्रश्न अख्ख्या खालापूर तालुक्यात एकाच माणसाला पडला आणि तो नेमका माझा बाप निघाला.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी उत्तर काढलं ते नी-कॅपचं. गुडघ्यावर चढवतात ती इलॅस्टिकची पट्टी. सामना संपला की खेळाडूकडून ती मागून आणायची, घरी धुवायची, दोरीवर वाळत घालायची आणि पुढच्या रविवारी त्याच्या घरी जाऊन तिच्यावर मार्करने सही घ्यायची. आमच्या दोरीवर आईच्या साड्यांशेजारी कायम चार-पाच नी-कॅप लोंबत असायच्या. शेजारची काकू आईला विचारायची, "तुमच्यात एवढे गुडगे कुनाचे दुखतात गं?" आई म्हणायची, "गुडगे कसले, डोकं दुखतंय. पट्टी चुकीच्या जागी लावलीय."

माझ्यातला चहाटळपणा आईकडून आलाय. बाकीचं वाटोळं मी स्वतः केलं.

नाना मोहोपाड्याला एका कारखान्यात फिटर होते. तिथली हत्यारांची जुनी पत्र्याची पेटी त्यांनी घरी आणली होती, तिच्यात हा सगळा संसार. नी-कॅप तर होत्याच. शिवाय सह्या केलेले टेनिसचे चेंडू, ज्यांच्या लवेवर शाई पसरून सहीची गोगलगाय झालेली. पाठीवर सातचा आकडा शिवलेलं एक फाटकं बनियन. जत्रांमधल्या सामन्यांची पिवळी पडलेली पत्रकं. आणि फोटो. संघ ओळीने उभे, गळ्यात झेंडूचे हार, हातात ढाल, मागे कुणाचं तरी गवताचं उडवं. प्रत्येक फोटोच्या पाठीवर, त्यात जे जे होते त्यांच्या सह्या.

त्या सह्यांसाठी नाना सायकलवरून आणि नंतर मोटरसायकलवरून कुठे कुठे गेलेत. एक जुना चढाईवाला चौकला ढाबा चालवायचा, तो सही करायच्या आधी हात तीन वेळा पुसायचा. दुसरा एका फार्महाऊसवर वॉचमन होता. ज्या जमिनीत त्याने भात लावला त्याच जमिनीवर आता गेट उघडायचा. त्याने सही केली आणि म्हणाला, "मला बी एक द्या ना फोटो. पोरं मानतच नाय मी खेळायचो म्हनून." नानांनी कर्जतला जाऊन कॉपी काढून आणून दिली. परत येताना मला म्हणाले, "हा खेळ मातीवर व्हतो रं. दुसऱ्या दिवशी पानी मारलं की कोन पडला नि कोन उठला, काय उरत नाय."

पेटीतली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे एक कागद. जिल्ह्याच्या निवड शिबिराची यादी. त्यात बारा नावं, सगळी नानांच्या अक्षरात, कारण त्या बाराजणांत बरं अक्षर त्यांचंच. नावांपुढे ज्याच्या त्याच्या सह्या. मी लहानपणी त्या मोजायचो तर अकराच भरायच्या. एका नावापुढे नुसता शाईचा डाग होता. मला वाटायचं, पेन गळलं असेल.

मी काय करतो? मी आवाज काढतो. एसटी स्टँडवरच्या घोषणेचा, आमच्या हेडमास्तरांचा, बँकेतल्या "लंच के बाद आना" म्हणणाऱ्या बाईंचा, उद्घाटनाला येऊन कात्री सापडेपर्यंत भाषण ताणणाऱ्या पुढाऱ्याचा. त्यावरच माझं पोट चालतं. कबड्डी आणि टेनिस क्रिकेटच्या सामन्यांना मी माईकवर असतो. लोक सामना बघायला येतात आणि अर्धा वेळ माझ्या तोंडाकडे बघतात.

आठवीत मला कळलं की सही हा पण एक आवाजच असतो. काही माणसं घाईत बोलतात तशी सही करतात, शेवटची अक्षरं गिळून. काही खाकरून सुरुवात करतात, पहिलं अक्षर एवढं मोठं की उरलेल्यांना जागा नाही. एकदा आवाज सापडला की हात आपोआप चालतो. अर्ध्या वर्गाच्या प्रगतिपुस्तकांवर बापांच्या सह्या मी केल्यात. अंगठा लावणाऱ्या पालकांची पोरं मात्र माझ्याकडे कधी आली नाहीत. त्यांना गरज काय? त्यांचा स्वतःचा अंगठा होता.

आता तो फोटो.

पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा. जत्रेतली फायनल. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. चढाईला आलेला गडी कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला. नाना सांगायचे की हा डोंगरात उतारावर पळून तयार झालेला, सपाटीवर त्याला कोण धरणार? धरला नानांनी. नाना डाव्या कोपऱ्याला खेळायचे. फोटोत नाना जमिनीवर आडवे आहेत आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा आवळलाय. तो गडी हवेत आडवा, मधल्या रेघेकडे हात लांब केलेला. बोटं रेघेला टेकली तर तो सुटला आणि त्याचा संघ जिंकला. नाही टेकली तर बाद.

पंचाने शिट्टी मारून बाद दिला. तो म्हणत राहिला की मी टेकलो. दोन्ही गावं मैदानात उतरली, ढाल कुणीच नेली नाही. जाताना तो नानांना सगळ्यांसमोर बोलला, "तू माझा पाय नाय धरलास रं, कोपऱ्या. पंच धरलास."

एवढंच. पण नाना त्या वाक्यावर जन्मभर अडकले. ज्याच्याबरोबर एका शिबिरात एका ताटात जेवले, तो परत कधी बोलला नाही. फोटो काढणारा कर्जतचा. त्याने बरोबर वेळेला बटण दाबलं, पण फोटोत त्या गड्याचा हात मनगटापर्यंतच आलाय. बोटं फोटोच्या बाहेर. मी लहान असताना नाना तो फोटो भिंगाखाली धरून कडेला बघत बसायचे, जणू रोज थोडं थोडं बघितलं तर बोटं आत येतील.

सगळ्या फोटोंमागे सह्या होत्या. याच्यामागे कोरं होतं.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या फुप्फुसांनी हात टेकले. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसभर ते घुर्र घुर्र करायचं आणि नाना नाकात नळी घालून खिडकीशी बसायचे. मी म्हणायचो, "नाना, जन्मभर दुसऱ्यांचा दम मोजलात, आता मशीन तुमचा मोजतंय." ते हसायचे. हसले की खोकायचे, मग आई माझ्याकडे बघायची आणि मी बाहेर जायचो.

एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. फोटो हातात दिला.

"कोंडाना ठाऊक हाय ना?"

"लेणीवाला? कॉलेजात ट्रेकला गेलेलो."

"लेनी सोड. वर वाडी हाय. तिथं तो हाय अजून. त्याला सांग, कोपऱ्यानं पाठवलंय. तो मानत आसंल तर फोटोच्या मागं त्याची खून घेऊन ये."

आमच्याकडे ण चा न होतो. त्यामुळे खूण मागितली तरी खून मागितल्यासारखा वाटतो. आणि मी असा माणूस की असला शब्द समोर आला की सोडवत नाही.

"नाना, एवढ्या जुन्या भांडणासाठी खून? पोलीस मला नेतील, तुम्हाला मशीनसकट."

नाना इतके हसले की नळी निघाली. मी नळी परत लावली, फोटो पाकिटात घातला आणि निघालो. त्या हसण्यात तो शब्द माझ्या कानावरून गेला. नाना सही म्हणाले नव्हते. आयुष्यभर सह्या गोळा केलेला माणूस नेमका या एका फोटोला सही म्हणाला नाही, आणि आवाज ओळखायचा धंदा करणाऱ्या मला ते ऐकू आलं नाही.

कर्जतला उतरलो. कोंडाण्याकडची रिक्षा भरायची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात फोन आला. चौकच्या बाजूला क्रिकेटची फायनल होती आणि त्यांच्या कॉमेंट्रीवाल्याचा घसा बसला होता. "कर्जतवरून आपला टेंपो येतोय साउंडचा, त्यात बस, उपकार होतील." मी रिक्षाकडे बघितलं. तिच्यात अजून दोनच माणसं होती. मी टेंपोत बसलो.

कोंडाण्याला उद्या जाईन असं ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण टेंपोत स्पीकरच्या खोक्यावर बसल्यावर डोकं चालायला लागलं. उद्या कशाला? सहीच तर हवीय. मी काय कमी सह्या केल्यात? नमुना नव्हता, पण माणूस माहीत होता. म्हातारा, म्हणजे हात थरथरणार. शाळा कमी, म्हणजे अक्षरं मोठी आणि सुटी सुटी. एवढा विचार केला. शाळा किती कमी, हा पुढचा विचार केला नाही. पेन डाव्या हातात धरलं, रस्त्यातल्या खड्ड्यांनी थरथर पुरवली, आणि फोटोमागे त्याचं नाव उमटलं. मला ते इतकं आवडलं की मी टेंपोवाल्याला दाखवलं.

संध्याकाळी घरी येऊन नानांच्या हातात फोटो दिला. त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"काय म्हनाला?"

मी तयारीत होतो. छातीतून घरघरता, डोंगरातला, म्हाताऱ्याचा आवाज काढला: "कोपऱ्याला सांग, पकड खरी व्हती."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "आवाज बरा काढलास," म्हणाले. मग म्हणाले, "दमला आसशील. जेव जा."

मला वाटलं, माणसाला भरून आलंय.

पुढचा आठवडाभर नानांनी पेटी उघडली नाही, भिंग मागितलं नाही. दहाव्या की अकराव्या दिवशी मी घरी आलो तर कॉटखालची पेटीची जागा रिकामी. फरशीवर नुसता गंजाचा चौकोन. आई म्हणाली, "भंगारवाल्याला दिली. पेटीसकट. मी नको म्हनत व्हते, ऐकलं नाय."

मी नानांसमोर जाऊन बसलो. नानाच बोलले.

"त्यानं नाय म्हटलं ना?"

"कोणी?"

"आरं, तो अंगठेवाला हाय. सही कुठून करनार? शिबिरात यादी केली तवा त्याचा अंगठा मीच शाईत बुडवला व्हता." नाना थांबून थांबून बोलत होते, मशीनच्या तालावर. "तू गेलास, त्यानं तुला हाकललं. मग मला बरं वाटावं म्हनून तू केलीस. मला कळलं तवाच. राग नाय माझा. पन ज्याचं त्यानंच नाय मानलं, तर हे बाकीचे कागद घेऊन काय करू?"

मी म्हटलं, "नाना, मी गेलोच नाही. टेंपोत बसून केली. तो काहीच बोलला नाही, कारण मी त्याला भेटलोच नाही."

नानांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आता त्याला वाचवायला खोटं बोलतोस."

मी किती हलकट आहे हे मी त्यांना सांगत होतो आणि त्यांना ते पटत नव्हतं. त्यांच्या डोक्यातला मी फार चांगला होता.

त्यांनी तो एकच फोटो उशीखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो घेतला आणि कोंडाण्याला गेलो. गावापासून वर अर्धा तास चढ आहे. कारवीच्या कुडाचं घर, दारात बाज, बाजेवर तो. कंबर मोडली होती, वर्षभर उठला नव्हता. पण खांदे बघून कळत होतं की हाच तो. मुलगी चुलीशी होती. मी म्हटलं, "कोपऱ्याने पाठवलंय."

तो उठायला बघायला लागला. उठता येत नाही हे विसरून.

"हाय का तो?"

"आहे."

"मला वाटलं, गेला आसंल. नायतर आला आसता." त्याने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. हसला. "बग गं, केस बग माझे," मुलीला म्हणाला. मग फोटोच्या कडेवर नख ठेवलं, जिथे त्याचा हात संपतो तिथे. "फोटोवाल्यानं बोटं खाल्ली."

मी विचारलं, "टेकली होती का?"

"रेघ एक बोट लांब व्हती," तो म्हणाला. "एकच बोट. मला कळलं व्हतं तवाच. पन माझं आख्खं गाव उबं व्हतं ना रं. सांगनार कसं? मंग येक साल गेलं, दोन गेली. मंग त्याच्याकडं जायला तोंड ऱ्हायलं नाय." मग म्हणाला, "कोपऱ्याला सांग. पाय धरला व्हता त्यानं. पंच नाय."

मी फोटो उलटा करून पुढे केला. त्याने माझ्या थरथरत्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्ये काय लिवलंय?"

"तुमचं नाव. मी लिहिलं."

"बरं दिसतंय," तो म्हणाला.

घरात शाईचं पॅड कुठलं? मुलीने तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, तेलात कालवली, करवंटीत आणून दिली. त्याने अंगठा बुडवला आणि माझ्या अक्षरांच्या बाजूला दाबला. चांगला दाबला, बाज कुरकुरली. "घे," म्हणाला. "बोटं फोटोत नाय आली, मागनं आली."

तिथे थांबायचं होतं. तिथून सरळ घरी यायचं होतं. पण मला घाई झाली. मी फोन काढला. व्हिडिओ लागेना, रेंजची एकच दांडी होती, म्हणून साधा फोन लावला. आईने उचलला आणि नानांच्या कानाला लावला. मी स्पीकर चालू केला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ धरला.

"कोपऱ्या," तो म्हणाला. छातीतून घरघरता, डोंगरातला आवाज. माझी नक्कल दुर्दैवाने हुबेहूब जमली होती. मी टेंपोत बसून बनवलेला आवाज आणि हा, दोन्हींत नखाएवढा फरक. "कोपऱ्या, पकड खरी व्हती रं."

पलीकडून मशीन ऐकू येत होतं. मग नाना म्हणाले, "बास कर आता. आवाज काढतोस चांगला, पन आता बास कर." आणि फोन बंद.

बाजेवर त्याचा काजळीचा अंगठा तसाच वर धरलेला होता. मी सांगायला लागलो की मी नकलाकार आहे, माझ्यामुळे तसं झालं, नाना तुम्हाला नाही बोलले. त्याने तोंड भिंतीकडे केलं. मुलीने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, मी प्यायलो, तिने तांब्या परत घेतला आणि म्हणाली, "आता जावा तुमी. वरीस झालं, तो येवढं कुनाशी बोललाच नव्हता."

पुढे मित्र म्हणाले, तिथेच मोबाईलमध्ये शूटिंग का नाही केलंस? खरं आहे. पण फोननंतर त्या माणसासमोर परत मोबाईल धरायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. आयुष्यात एकदा मला लाज वाटली, ती पण चुकीच्या वेळी.

घरी आलो. फोटो नानांसमोर धरला. त्यांनी अंगठा बघितला, नाकाजवळ नेला, तेलाचा वास घेतला.

"कोनाचा?"

"त्याचाच, नाना. आईशपथ."

"अंगठा काय रं, कोनाचाबी लागतो." माझे हात बघितले. माझ्या बोटांना काजळी लागली होती, करवंटी मीच धरली होती ना. नानांनी हात बघितला आणि सोडून दिला.

तेव्हा मला यादी आठवली. तो शाईचा डाग. तो डाग आणि हा अंगठा शेजारी ठेवले, भिंग लावलं, की झालं. नानांचे डोळे चांगले होते, कोणाचं ऐकायची गरजच नव्हती, स्वतः बघितलं असतं. मी गाडी काढून चौकच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याने मोहोपाड्याच्या बाजूच्या गोदामाचा पत्ता दिला. तिथे पोचलो तर लोखंड कापणाऱ्या माणसाने मनगटावर ठिणग्या लागू नयेत म्हणून एक नी-कॅप चढवली होती. तिच्यावर निळ्या मार्करची सही होती. ढाबेवाल्याची. मी ओळखली, कारण ती मला करता येते.

"कागद?" मी विचारलं. "पेटीत कागद होते. फोटो होते."

"कागद अलग जाता है," तो म्हणाला. "आज सुबह गया. लगदा बनता है उसका."

पेटी तिथेच होती, चेपलेली. आत एक टेनिसचा चेंडू राहिला होता. तो मी घेतला. कापणाऱ्याने नी-कॅप काढून द्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, भाजेल तुला.

त्यानंतर मी दोनदा कोंडाण्याला गेलो. पहिल्यांदा मुलगी म्हणाली, झोपलाय. दुसऱ्यांदा मला चढ चढताना बघून तिने दार लोटून घेतलं. मी बाहेर बसलो, आवाज न करता. माझ्यासारख्याला ते किती अवघड असतं ते मला तिथे कळलं. तिसऱ्यांदा जायच्या आधी कबड्डीच्या ग्रुपवर त्याचा तरुणपणचा फोटो आला, कडेला फुलं आणि दिवा लावलेला. नानांनी तो आईच्या मोबाईलवर स्वतः बघितला. पूर्ण दिवस जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "गेला. न मानताच गेला."

मी म्हटलं, "मानलं होतं, नाना."

"व्हय," ते म्हणाले, लहान पोराला म्हणतात तसं.

मी सगळं परत सांगितलंय. शांतपणे, रडून, आईच्या डोक्यावर हात ठेवून. आईने पण सांगून बघितलं, तर तिला म्हणाले, "तू तरी नको गं त्याच्यात सामील होऊस." ज्या माणसाने प्रत्येक वस्तू खरी असल्याची खात्री करायला मैलोनमैल सायकल मारली, त्याच्या घरात मी जन्मलो, आणि त्याच्या हातात आलेली एकमेव वस्तू, जी त्याला खरोखर हवी होती, ती माझ्या हातून आली म्हणून खोटी ठरली.

सामन्यांना मी अजून जातो. माईक धरतो, गुण सांगतो, नावं सांगतो. लोक म्हणतात, पूर्वीसारखी मजा नाही राहिली. मी म्हणतो, घसा.

नाना आता कमी बोलतात. दिवेलागणीला मशीनचा आवाज जास्त वाटतो, तेव्हा कधीकधी मला हाक मारतात. फोटो उशीखालून काढून मांडीवर ठेवतात, पुढची बाजू वर.

"काढ ना रं त्याचा आवाज," म्हणतात.

पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं. आता म्हणत नाही. मी घसा साफ करतो आणि त्या बाजेवरचा माणूस जे बोलला ते, जसं बोलला तसं, एक अक्षर न बदलता काढतो. पाय धरला व्हता त्यानं, पंच नाय. रेघ एक बोट लांब व्हती.

नाना डोळे मिटून ऐकतात. काल ऐकून झाल्यावर म्हणाले, "येक बोट. हे चांगलं सुचलं तुला."

मग म्हणाले, "परत काढ."

मी परत काढला.